मैनाचं आंबोण

"उज्ज्वला, राग मानू नकोस हं, पण तुमच्या घरात कुणी पितं का गं?"

शहापुरे काकू दारात उभ्या. नाकाला पदर आणि नजर माझ्या खांद्यावरून थेट आत. त्या खालच्या मजल्यावर राहायच्या आणि अख्ख्या बिल्डिंगमध्ये कुणाच्या कुकरला किती शिट्ट्या झाल्या ते त्यांना ठाऊक असायचं.

"पितं म्हणजे?"

"आता म्हणजे काय सांगू? गॅलरीत कपडे वाळत घालायला गेलं की वरून वास येतोय. आंबूस, गोडूस. आमच्या माहेरी गुऱ्हाळाच्या मागल्या बाजूला अस्सा वास यायचा, आणि तिथं काय शिजायचं ते सगळ्या गावाला माहीत होतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमचे हे मेडिकलचं दुकान चालवायचे. खोकल्याचं औषध घेतानासुद्धा बाटलीवरचं सगळं बारीक अक्षर वाचून मग चमचा तोंडात घालणारा माणूस. आणि ही बाई माझ्या दारात उभी राहून असलं बोलते!

"या की आत," मी म्हणाले. "सगळं घर हुंगून बघा."

त्याही काही कमी नव्हत्या. चप्पल काढून खरंच आत आल्या.

हॉलच्या कोपऱ्यात आत्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. पाटणच्या वर डोंगरात त्यांचं गाव. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिथं त्या आणि त्यांची म्हैस मैना, असा दोघींचाच संसार. त्या पावसाळ्यात गोठ्यात पाय घसरला, मनगट मोडलं, आणि दिवसभर कुणाला पत्ताच नाही. मग ह्यांनी हट्टानं मैना विकली आणि आईला कऱ्हाडला आणलं. आल्या दिवसापासून आत्यांचं एकच पालुपद, "चार दिसांसाठी आलेय." पलंग असून चटईवर बसायच्या. त्यांचं गाठोडं खुंटीला टांगलेलं. सकाळी त्यातून लुगडं काढायच्या आणि परत घट्ट गाठ मारून ठेवायच्या. कपाटातला एक कप्पा मी त्यांच्यासाठी रिकामा केला होता, नवा कागद घातला होता. तो तसाच रिकामा.

मला त्या हव्या होत्या. आज हे बोलायला लाज कसली? माझी आई मी लहान असतानाच गेली. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पोरबाळ नव्हतं, हे सकाळी दुकानात गेले की दिवे लागल्यावर येणार. आत्या आल्या आणि घरात कुणीतरी "जेवलीस का" म्हणून विचारायला लागलं. म्हणून ती खुंटीवरची गाठ दिसली की मी दुसरीकडं बघायचे.

काकू हुंगत हुंगत स्वयंपाकघरातून गॅलरीत गेल्या. गॅसच्या रिकाम्या टाकीमागं एक झाकणाची बादली होती. घराला रंग दिला तेव्हाची. झाकणावर माझा वरवंटा. गेला आठवडाभर मी तो शोधत होते!

"सापडली भट्टी," काकू म्हणाल्या.

मी वरवंटा उचलून झाकण काढलं. भाकरीचे तुकडे, दोडक्याच्या साली, केळीची सालं, उरलेला भात, वर गव्हाचा भुसा, सगळं दाबून दाबून बसवलेलं. वर पांढरी मऊ बुरशी. घाण म्हणावी तर घाण नव्हती. ताक, गूळ आणि कोंडा एकत्र आंबल्यासारखा वास होता. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काही दिवस ताक पुरत नव्हतं, गुळाची ढेप झिजत होती. मला वाटलेलं, म्हातारीला भूक लागते आणि मागायची लाज वाटते. म्हणून मी त्यांच्या ताटात बळंच जास्तीची भाकरी वाढत होते. ती भाकरीही बादलीत दिसत होती.

"आत्या, हे काय आहे हो?"

आत्या उठून आल्या. बादलीकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं.

"मैनाचं आंबोण हाय."

आंबोण म्हणजे दुभत्या जनावरासाठी भुसा, पेंड, घरातलं उरलंसुरलं भिजवून करतात ते खाणं. पण हे काकूंना कुठलं ठाऊक!

"मैना कोण?"

"म्हस."

काकूंनी एकदा आमच्या बेडरूमच्या दाराकडं बघितलं. मग माझ्याकडं. "येते गं मी," म्हणाल्या आणि जिना उतरल्या. संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर झालं, की उज्ज्वलाच्या सासूचं डोकं फिरलंय.

"आत्या, मैना तर विकली ना आपण?" मी हळूच विचारलं.

"इकली. म्हाईत हाय मला. मला काय याड लागलंय?" आत्या बादलीजवळ बसल्या. "तू भाजी चिरतीस. सालं पिशवीत घालतीस, पिशवीचा गळा आवळतीस आन कचऱ्याच्या गाडीत टाकतीस. मला बघवत न्हाई. इतकी वर्सं घरातलं एक साल वाया न्हाई गेलं माझ्या. पयल्या दिशी हातानं आपसुक उचललं, भुशात कालवलं, ताक शिंपडलं. कालवून झाल्यावर ध्यानात आलं, का घालायचं कुणाला? मग टाकवंना. झाकून ठेवलं."

रात्रीच्या जेवणाआधी मी ह्यांना सगळं सांगितलं. हे स्वयंपाकघरात आवाज खाली करून म्हणाले, "डॉक्टरांना दाखवू या का? ह्या वयात असं होतं कधीकधी."

आत्यांचे कान तिखट. बाहेरूनच म्हणाल्या, "माझं डोस्कं जाग्यावर हाय, जालू. हात जाग्यावर न्हाईत. हातांना कोण सांगणार, म्हस इकली म्हणून?"

हे बाहेर येऊन आईपुढं बसले.

"आन सुनेला लोकाचं ऐकून घ्यावं लागतंय माझ्यापायी. ऐतवारी तुझं दुकान बंद असतंय. मला गावाला सोड."

"आई, तिथं कोण आहे तुझं? परत पडलीस तर?"

"पडले तर पडले."

ह्यांनी पुष्कळ समजावलं, पण आत्या ढिम्म हलेनात. शेवटी हे म्हणाले, "बरं, एक कर. वाटेत खालच्या वाडीत उतरू. मैना जिथं दिलीय तिथं. तिला डोळ्यांनी बघ. मग गावाला जायचं का परत यायचं, तुझं तू ठरव. मी अडवणार नाही."

आत्यांनी एकदा गॅलरीकडं बघितलं. मग मला म्हणाल्या, "भुसा हाय का गं घरात?"

रविवारी सकाळी त्यांनी दुसऱ्या बादलीत ताजं आंबोण कालवलं. जुन्यातलं घेतलं नाही. "बुरा आलाय त्याला, जनावराला न्हाई चालायचं," म्हणाल्या. आणि खुंटीवरचं गाठोडं खाली काढलं. खुंटी मोकळी झालेली बघितली आणि मला रडूच फुटलं. तोंड धुवायचं निमित्त करून मी न्हाणीत जाऊन आले.

एसटीत बादली आत्यांच्या पायाशी आणि गाठोडं माझ्या मांडीवर. मी ते मागूनच घेतलं होतं.

"मावशी, बादलीत काय?" कंडक्टरनं विचारलं.

"आंबोण."

"मग म्हशीचं तिकीट फाडू का?"

"म्हस फुडं गेलीया," आत्या म्हणाल्या. गाडीतली माणसं हसली. आत्याही थोड्या हसल्या. मी मात्र गाठोड्याची गाठ मुठीत धरून बसले होते.

वाडीत मैना ज्यांना दिली त्या घरात वैजंता नावाची सून पुढं आली. कोवळी पोर, लग्नाला सहा महिने झाले असतील नसतील. आम्ही कोण ते कळल्यावर तिचा चेहरा असा झाला, जणू वेशीवरचा देवच घरी आला. ह्यांना खाट दिली, चहा ठेवला, आणि चुलीपुढंच आत्यांना म्हणाली, "मावशी, लई बरं झालं आलात. मैना माझ्या हाताला धारच देईना. पान्हा चोरती. परवा लाथ मारून चरवी सांडली. सासूबाई म्हणत्यात, माझ्या हाताला गुणच न्हाई. म्हस परत द्या म्हणून मागं लागल्यात, आन मला बी..." आतून सासूच्या खोकण्याचा आवाज आला आणि तिनं डोळे पुसून चहात साखर टाकली.

आत्यांनी तिच्याकडं नीट बघितलं. मग बादली उचलली.

"तुमी च्या घ्या. मी एकलीच जाऊन येते."

गोठा घरामागं. आत्या दिसेनाशा झाल्या आणि एकदाच, पण अशी रेकली मैना, की खाटेवर हे सरळ होऊन बसले. मग काहीच आवाज नाही. चहा गार व्हायला आला. माझ्याच्यानं राहवेना. मी गाठोडं घेऊन परसात गेले.

गोठ्याच्या दारातून दिसलं ते असं. मैना भिंतीकडं तोंड करून उभी. आत्या दाराशी, आणि त्यांच्या पायाशी बादली. काठोकाठ भरलेली, जशी आणली तशी.

आत्या बाहेर आल्या. पदरानं कपाळ पुसलं.

"न्हाई खाल्लं," म्हणाल्या. "तोंड बी न्हाई लावलं."

हे माझ्या मागं येऊन उभे होते. त्यांनी मान दुसरीकडं वळवली. ज्या आईनं तळहातावरच्या फोडासारखं जपून ते जनावर वाढवलं, तिच्या हातचं ते महिन्या-दोन महिन्यांत विसरलं, हे त्यांना बघवलं नाही. मलाही नाही. मैनाचा असा राग आला मला, की काय सांगू!

आत्यांनी माझ्यापुढं हात केला. "गाठोडं दे."

मी दिलं नाही. कसं देणार? दिलं की त्या गावाची वाट धरणार, असंच माझ्या मनानं घेतलेलं. "राहू द्या माझ्याकडं," म्हणून मी ते पोटाशी आणखी आवळलं. दोघींची क्षणभर ओढाओढच झाली म्हणा ना.

"अगं, नको देऊस. नुस्ती गाठ सोडू दे."

मी धरून उभी आणि त्यांनी गाठ सोडली. आतून एक विटकं, ठिगळ लावलेलं लुगडं काढलं. गोठ्यात नेसायचं. वैजंताच्या हातात दिलं.

"धार काढताना ह्ये नेस. वास वळखीचा लागंल तिला. थोड्या दिसांनी पदर तेवढा घे, मग त्यो बी नको. आन आंबोण रोज तुझ्याच हातानं ठेव. सासूला हात लावू देऊ नगंस."

"ही बादली ठेवा की मग," वैजंता म्हणाली. "मी घालते थोड्या वेळानं."

"नगं," आत्या म्हणाल्या. "ही माझी हाय. मी न्हेते."

परत स्टँडवर आलो. स्टँड कसला, पिंपळाखाली एक पत्र्याची शेड. वर पाटणकडं जाणाऱ्या गाड्या इकडं थांबायच्या, कऱ्हाडकडं जाणाऱ्या रस्त्यापलीकडं. हे अध्येमध्ये उभे. शब्द दिला होता, अडवणार नाही. मी खाली मान घालून गाठोडं धरलेलं. त्याची गाठ कुणी परत मारलीच नव्हती, एका लुगड्याचं टोक बाहेर लोंबत होतं.

वरची गाडी आली, थांबली. कंडक्टर ओरडला, "चला, पाटण, पाटण!" आत्या जागच्या हलल्या नाहीत. गाडी गेली.

"कऱ्हाडची कवा हाय रं जालू?" त्या म्हणाल्या. "उनात उभं राहून पोरीचं त्वांड बघ कसं झालंय."

घरी आल्यावर त्यांनी बादलीतलं ताजं आंबोण गॅलरीतल्या जुन्या बादलीत ओतलं, दाबलं, ताकाचा हबका मारला, झाकण लावून वर वरवंटा ठेवला. वरवंटा मी दुसरा घेतला बाजारातून.

मग ती बादली तशीच राहिली. पाऊस संपला, थंडी पडायला लागली तेव्हा एकदा कुतूहलानं झाकण काढलं. कुजणं नाही, अळ्या नाहीत. लोणचं मुरतं तसं सगळं मुरून बसलं होतं. आता करायचं काय? मैनाला चालायचं नाही आणि पिशवीत घालून गळा आवळायची तर आमच्या घरात बंदीच. बिल्डिंगच्या मागं भिंतीलगत जरा जागा होती. बिल्डरनं तिथं सगळा राडारोडा टाकलेला, गवतसुद्धा धड उगवायचं नाही. आत्यांनी आणि मी तिथं खड्डा घेतला, बादली उपडी केली, वर माती ओढली. काकू गॅलरीतून बघत होत्याच.

"आता म्हशीला पुरताय का?" त्यांनी वरून विचारलं.

"व्हय. तेराव्याला जेवाय या," आत्या म्हणाल्या.

महिनाभरानं तिथली माती बघावी तर काळी, भुसभुशीत. आणि उन्हाळ्याच्या तोंडाला तिथून आपसूक तांबड्या भोपळ्याचा वेल आला. कुणी लावला नव्हता. बादलीतल्या कुठल्यातरी बीचा. असा माजला, की भिंतीवरून काकूंच्या खिडकीच्या गजांत शिरला. पहिला भोपळा आत्यांनी काकूंनाच दिला. त्याचे घारगे काकूंनी वर आणून दिले आणि दुसऱ्या हातात एक पिशवी. "आत्याबाई, आमच्या आंब्यांची सालं आहेत. तुमच्या आंबोणात घाला."

तिथून पुढं सगळ्या बिल्डिंगची सालं आमच्या गॅलरीत. मग एकाच्या चार बादल्या झाल्या. कुणी ताक आणून द्यायचं, कुणी गिरणीतून भुसा. सगळे त्याला आंबोणच म्हणायचे. माझ्या मुलाला शाळेत जाईपर्यंत वाटायचं, की आंबोण हे झाडांचंच खाणं आहे. पुढं एकदा नगरपालिकेतून एक मॅडम आल्या, ओल्या कचऱ्याचं आंबवून खत कसं करायचं ते शिकवायला. त्यांनी सोबत कसली पावडर आणली होती. काकू त्यांना म्हणाल्या, "आंबोण ना? आम्ही करतो." मॅडमना काही कळलं नाही.

आणि गाठोडं? वाडीहून आलो त्याच दिवशी मी ते कपाटाजवळ ठेवलं होतं. सकाळी उठून बघते तर कप्प्यात लुगडी रचलेली, आणि गाठोड्याचं फडकं धुऊन दोरीवर वाळत घातलेलं. आत्या त्यावर काही बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही. माझ्या मनात होतं, की बिचारीला मैनानं ओळखलं नाही, आता जाणार कुठं? ते मनाला लागून राहायचं माझ्या. माझ्याकडं त्या राहिल्या, पण हरून राहिल्या, असं वाटायचं.

बारा-तेरा वर्षं गेली असतील. वैजंताचा दीर कॉलेजला कऱ्हाडला यायचा, त्याच्याबरोबर तिनं एकदा चिकाचं दूध पाठवलं. मैना कधीच गेली होती. तिच्या लेकीची लेक व्याली होती. मी वेलदोडा घालून खरवस केला. दुपारी आत्या गॅलरीत उन्हाला बसल्या होत्या, त्यांना बशीत दिला.

"मैनाच्या नातीचा आहे," मी म्हणाले. आणि इतक्या वर्षांनी तोंडातून गेलंच, "आत्या, मैना तुम्हाला विसरली, तेव्हा फार लागलं असेल ना?"

आत्यांनी खरवसाची वडी मोडली.

"इसरती कशाला? जनावर हुतं ते, माणूस न्हवं."

"म्हणजे? खाल्लं नाही ना तिनं?"

"मी खाऊ दिलं न्हाई." त्यांनी वडी तोंडात घातली, सावकाश खाल्ली. "मी गोठ्यात पाय टाकला आन दावं तोडाय बघितलं तिनं. रेकली. ऐकलं असशील. माझ्या पोटात त्वांड घातलं. मग बादलीत घालाय लागली. मीच बादली मागं वढली. ती परत आली, मी परत वढली. मग भिताडाकडं त्वांड करून हुबी राह्यली. रुसली."

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"का पण, आत्या?"

"खाल्लं असतं तर रोज दाराकडं बघत बसली असती माझ्यासाठनं. त्या पोरीला धार दिली असती का मग? सासू आधीच हाताला गुण न्हाई म्हणत हुती. म्हशीसंगट तिला बी म्हायेरी धाडायला बसली हुती."

"मग आम्हाला का नाही सांगितलंत?"

"जालूला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिशी म्हस दारात. कुठं बांधायची हुती? तुझ्या हालात?"

मला हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं. "मला तरी सांगायचं होतं. मी इतकी वर्षं मैनावर राग धरला. मला वाटायचं, तिनं झिडकारलं म्हणून तुम्ही इकडं आलात."

"तसं न्हाई गं." आत्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या अशा सरळ बघून फारसं बोलायच्या नाहीत. "गावालाच जायाचं म्हणून निघाले हुते मी. गोठ्यातनं भाईर आले तर तू हुबी. माझं गाठोडं पोटाशी धरून. मी मागितलं तर देईनास. डोळं भरल्यालं. मनात म्हणलं, अगं बया, ही बी नवी पोरच की. त्या पोरीच्या हाताला मैनानं सरावायचं, म्हणून तिच्याफुडची बादली मी वढली, आन मी मातूर ह्या पोरीच्या हातातनं गाठोडं वढून घेऊ व्हय?"

मी त्यांच्याजवळ सरकून बसले, बस्स. त्यांनी उरलेली वडी माझ्या तोंडात घातली आणि रिकामी बशी माझ्या हातात दिली.

"ही खळबळून पाणी बादलीत वत," म्हणाल्या. "चिकाचं हाय. आंबोण झ्याक मुरंल."